मिठाचे मोजे

माझ्या बायकोने दोन गोष्टींसाठी मला आजतागायत माफ केलेलं नाही. एक, तिच्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी खुर्चीत झोपलो होतो. दोन, मी थायलंडला जाऊन काहीही केलं नाही. पहिली चूक माझी, कबूल. दुसरीचं सगळं श्रेय पेणच्या रंगवाल्या काकांचं.

हे काका तेव्हा माझे कोणी लागत नव्हते. पुढे नातं लागलं, पण तेही याच भानगडीतून. त्यांचं पेणला रंगाचं दुकान, आमचं रोह्याला. दोघं एकाच कंपनीचे डीलर. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, आणि अंगात कायम पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा. रंगाच्या दुकानात उभं आयुष्य गेलं, पण त्या लेंग्यावर कधी ठिपका दिसला नाही. आमच्याकडे मी सकाळी नऊला शटर उघडायचो आणि सव्वानऊला माझ्या बाहीला हिरवा लागलेला असायचा.

धंदा करायची त्यांची पद्धत म्हणजे धंदा न करण्याची पद्धत होती. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, घराला निळा कुठला देऊ?" काका म्हणायचे, "देऊच नका. तुमच्या भिंतीला पश्चिमेचा पाऊस लागतो. चुना मारा." गिऱ्हाईक चिडून समोरच्या दुकानातून निळा न्यायचं. दोन पावसाळ्यांनी तेच गिऱ्हाईक परत यायचं, "काका, पोपडे धरले हो." काका म्हणायचे, "धरणारच. बसा." त्यात टोमणा नसायचा. टोमणा मारायला थोडं खोटं वागावं लागतं आणि ते त्यांना जमत नव्हतं.

श्रावण लागला की ते गणपतीच्या कारखान्यांतून फिरायचे. आपण विकलेल्या रंगाचं लोकांनी काय केलं, हे बघायला. हात मागे बांधून एकेका मूर्तीपुढे उभे राहायचे. "सोंडेला पिवळा जास्त झालाय. तब्येत बरी नसल्यासारखी वाटते," असं कारागिराला तोंडावर सांगायचे. कारागीर वैतागायचे, पण काका गेल्यावर गुपचूप सोंड दुरुस्त करायचे. हे मला एका कारागिरानेच सांगितलं.

आणि रविवार आला की हा माणूस धबधबे बघायला जायचा. एकटा. एसटीने, टेम्पोने, नाहीतर चालत. कोलाडच्या पुढचे, सुधागडचे, रोह्याच्या मागच्या डोंगरातले. कुणी नेलं तरी जायचे, नाही नेलं तरी जायचे. तिथे जाऊन भिजायचे नाहीत. पाण्याजवळ गेल्यावर आधी एक नारळ ठेवायचा, त्या जागेच्या राखणदाराला. मग धबधब्याकडे पाठ करून बसायचं. "आधी ऐकायचा, मग बघायचा," असं त्यांचं म्हणणं. पंधरा-वीस मिनिटांनी वळायचं, बघायचं आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच. 'बरा' म्हणजे वाईट. 'ठीक' म्हणजे चांगला. आणि फारच झालं तर नुसतं 'आहे.' हा शेवटचा शेरा मी त्यांच्या तोंडून आयुष्यात दोनदा ऐकला, आणि त्यातला एक धबधब्याला नव्हता.

निघताना बाटलीत पाणी भरून आणायचे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, त्यांवर लाल रंगाने गाव आणि महिना लिहिलेला. दुकानाच्या मागच्या फळीवर अशा चाळीसएक बाटल्या होत्या. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "हे कुठलं थिनर?" "पाणी," काका सांगायचे. मी एकदा विचारलं होतं, हे सगळं कशासाठी? तर म्हणाले, "दिवसभर मी रंगात रंग कालवतो. पाण्यात काय कालवायचं नसतं रे. तेवढंच बरं वाटतं." एवढं बोलून ते डबा हलवायला लागले.

तर त्या वर्षी, नव्वदीच्या मध्यावर कधीतरी, डोलवीला उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्याच्या कंत्राटदारांनी लोखंडाला मारायचा रेड ऑक्साइड एवढा उचलला की काकांचं टार्गेट काकांनी काही न करता पूर्ण झालं. कंपनीने डीलर लोकांची सहल काढली, दिवाळीनंतर, थायलंडला. काकांना दोघांचं तिकीट होतं. काकू म्हणाल्या, "चार दिवस तुमच्याबरोबर पाणी बघायला मी समुद्र ओलांडू? मी इथेच बरी." माझं टार्गेट लहान, म्हणून मला एकट्याचं. कंपनीने आम्हा दोघांना एका खोलीत टाकलं.

पनवेलहून विमानतळाकडे बस निघाली तेव्हा एक डीलर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "घरी कुणी काय सांगितलंय, एकदा नक्की करून घेऊ." सगळ्यांनी सिंगापूर सांगितलं होतं. मीही. थायलंड म्हटलं की बाई, हे समीकरण तेव्हा रोह्यापर्यंत पोचलेलं होतं, आणि माझ्या लग्नाला उणेपुरे आठ महिने झाले होते. काका शेवटच्या सीटवरून म्हणाले, "मी थायलंड सांगितलं. तिकिटावर तेच लिहिलंय." मग कुणीतरी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या.

विमानतळावर काकांची पिशवी उघडली गेली. आत किलोभर जाडं मीठ, आमच्या खाडीकाठच्या मिठागरातलं. साहेबाने हिंदीत विचारलं, हे कशाला? काकांना जळूचं हिंदी येईना. त्यांनी आपलं बोट साहेबाच्या मनगटावरून वळवळत कोपरापर्यंत नेलं आणि तिथे 'चटक' असा आवाज केला. साहेब दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "जाइए, जाइए."

मिठाबरोबर आणखी एक वस्तू होती. फुटबॉलवाले घालतात तसे गुडघ्यापर्यंतचे मोजे, एकच जोड. तीन दिवस दाट मिठाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवलेले. पापडासारखे कडक. "जळू मिठावर चढत नाही," काका म्हणाले. "रानात जायचं तर तयारी पाहिजे."

क्राबी नावाच्या गावी उतरलो. पहिल्या दिवशी सगळे डीलर समुद्राकडे निघाले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यांच्याबरोबरच जायचं होतं. समुद्रानंतर संध्याकाळचा 'कार्यक्रम' होता, त्याबद्दल सकाळपासून कुजबुज चालू होती. मी सेंट मारून तयार होतो. काकांनी हॉटेलच्या माणसाकडून धबधब्यांचा नकाशा मिळवला होता. ते म्हणाले, "तुला इंग्रजी येतं. माझ्याबरोबर चल." वडिलांच्या वयाचा माणूस, नाही कसं म्हणणार? गेलो. तीन दिवसांत पाच धबधबे पाहिले. माझ्या आयुष्यातली ती एकमेव परदेशवारी.

रानाच्या तोंडाशी पिकअपमधून उतरलो. काकांनी पिशवीतून ते मोजे काढून माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, "तुम्ही घाला ना, तुमचे आहेत." तर म्हणाले, "तुझं नवीन लग्न आहे. पाय नीट परत ने. माझ्या पायांकडे आता कोण बघतंय?" आणि स्वतः चपला घालून, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून पुढे निघाले. मी ते कडक मोजे चढवले. चालताना करकर आवाज यायचा.

नारळाचा घोटाळा पहिल्याच दिवशी झाला. वाटेवर शहाळीवाली बाई होती. काकांनी एक शहाळं मागितलं. तिने सटासट तासून, भोक पाडून, नळी घालून हातात दिलं. काका मान हलवून म्हणाले, फोडू नको, आख्खा दे. तिला वाटलं, शहाळं खराब निघालं. तिने दुसरं फोडलं. तिसऱ्याला कोयता उचलला तसं काकांनी तिच्या हातातून ते काढूनच घेतलं. फोडलेली दोन मला प्यावी लागली. पुढे वाटेत एका मोठ्या झाडाला रंगीबेरंगी फडकी गुंडाळलेली आणि खाली खांबावर बाहुलीच्या घराएवढं देऊळ. त्यात लाल सोड्याची बाटली, नळी घातलेली. काका थबकले. म्हणाले, "बघ, राखणदार इथंपण आहे. फक्त तो सोडा पितो." त्यांनी नारळ त्या बाटलीशेजारी ठेवला आणि हात जोडले. त्यानंतर त्या देशात ते घरच्यासारखे वागू लागले.

पहिले चार धबधबे 'बरा', 'बरा', 'ठीक', 'बरा' असे गेले. मी मनातल्या मनात समुद्रावरच्या मंडळींचा हेवा करत होतो. पाचवा मात्र आत, दोन तास चढण. वेत, बांबू, आपल्याकडच्यासारखाच चिकट घाम. पाणी सात-आठ पायऱ्यांनी उतरत होतं आणि प्रत्येक पायरीला हिरवं डबकं. काका पाठ करून बसले. मीही बसलो, दुसरं काय करणार? त्या आवाजात हळूहळू माझ्या डोक्यातलं दुकान बंद झालं, कार्यक्रम बंद झाला, सगळंच बंद झालं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं होतं ते आठवेना. वीस मिनिटांनी काका वळले. एकेक पायरी खालपर्यंत बघून घेतली. मग म्हणाले, "आहे."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि किंचाळलो. दोन्ही पोटऱ्यांना जांभळाएवढ्या टम्म जळवा लटकत होत्या. चपलेत रक्त. काका शांतपणे मिठाची पुरचुंडी एकेकीला लावत होते. माझ्या पायांवर एकही नव्हती.

घरी आल्यावर मी सांगितलं, सिंगापूर फार स्वच्छ आहे. बायकोने मान डोलावली. तिने माझे सगळे कपडे धुतले, मोज्यांसकट.

इकडे पेणला काकांनी फळीवर पाच नव्या बाटल्या मांडल्या. लाल अक्षरांत 'थायलंड, कार्तिक'. आणि इथे सगळं फिसकटलं. कारण काकांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरत आलं होतं, ते माझ्या बायकोच्या मामेभावाशी. मुलगी पेणच्या शाळेत शिक्षिका, मुलगा रोह्याच्या एमआयडीसीत कामाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, नुसतं पसंत नव्हे, पोरगी त्याच्या फोनची वाट बघत एसटीडी बूथच्या बाकावर बसायची. तुळशीची लग्नं लागली की साखरपुडा, असं बोलणं झालं होतं. बाटल्यांची बातमी रोह्याला पोचली आणि मामा, म्हणजे मुलाचे वडील, म्हणाले, "तारखेचं बघू नंतर." लग्न मोडताना लोक मोडलं म्हणत नाहीत, बघू म्हणतात. काकूंनी काकांशी बोलणं टाकलं.

मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, सिंगापूर म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तिथे हे धबधबे नाहीत," काका म्हणाले.

मग एका दुपारी ते रोह्याला माझ्या दुकानात आले. रस्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. मी चहा मागवला, तो गार झाला. शेवटी म्हणाले, "पोरगी जेवत नाही रे. तू होतास बरोबर. सांगशील का त्यांना?" त्या माणसाने तोवर कुणाकडे काही मागितल्याचं मला ठाऊक नव्हतं. आणि मी काय म्हणालो? "बघू काका." लाज वाटते आता. पण मी बोललो की माझं सिंगापूर बुडणार होतं.

मामांनी शेवटचं बोलणं करायला रविवारी पेणला जायचं ठरवलं. स्थळ माझ्या बायकोने सुचवलेलं, म्हणून आम्ही दोघंही निघालो. गाडी नागोठण्याला थांबली तेव्हा मी धीर केला. "ऐक ना. ते सिंगापूर नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या पासपोर्टवर शिक्का आहे. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

"अगं, पण आम्ही फक्त धबधबे पाहिले. देवाशपथ."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. पेण येईपर्यंत तिने मान वळवली नाही.

काकांच्या घरी मामा बसले होते, आणि खांब गावाहून आलेली त्यांची आई, म्हणजे माझ्या बायकोची आजी. ऐंशीच्या घरातली बाई, अजून भाताच्या लावणीला उभी राहणारी. काकूंनी पोह्याचे पापड भाजून ठेवले होते. आजी पापड खात होती. काकांनी पाच बाटल्या आणून मामांसमोर रांगेत मांडल्या. मामांनी एक उचलून उजेडात धरली. "काका, नळाचं पाणीपण असंच दिसतं हो."

दाराआड मुलगी उभी होती, तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं. मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, मी बरोबर होतो. आम्ही धबधब्यांशिवाय काही पाहिलं नाही."

मामा हसले. "तुम्ही तर सिंगापूरला होतात ना, जावईबापू? आमच्या सगळ्या आळीला पेढे वाटलेत सिंगापूरचे." माझी साक्ष तिथेच संपली.

तेवढ्यात आजी म्हणाली, "काय वो, मगासपासनं पाय कसला खाजवताय?"

काका डाव्या पायाने उजवी पोटरी घाशीत होते. त्यांच्या लक्षातही नव्हतं. आजी उठली, त्यांच्यासमोर फतकल मारून बसली आणि सरळ लेंगा वर केला. भर बैठकीत. काकूंनी पदर तोंडाला लावला. आजी पोटरी उजेडाकडे वळवून एकेका डागावर बोट ठेवत गेली.

"तीन टोकांची खूण हाय," ती म्हणाली. "जळूची. ह्या पायाला नऊ. तो पाय दावा. ह्याला अकरा." मग मामांकडे वळली. "काय रं, हाटेलात जळवा असतात का?"

"आई, पण..."

"पण नाय नि बिण नाय. ज्या गड्याला वीस जळवा लागल्या तो रानातच गेलेला. बायांच्या नादाला लागलेला मानूस चिखलात पाय घालीत नाय. गो पोरी, बाहेर ये. काय भ्यायचं नाय." मुलगी बाहेर आली आणि आजीच्या पाया पडली. रडत होती, हसतही होती. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी त्यांच्या शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. आजीकडे न बघता ते पुटपुटले, "आहे."

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण आजीची नजर माझ्यावर आली.

"जावईबापू, तुमी पन व्हतात ना रानात? दावा पाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पँट वर केली. दोन्ही पोटऱ्या स्वच्छ. एक ओरखडा नाही. आजीने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाली. माझी बायको समोर बसली होती.

काका एकदम म्हणाले, "अहो, त्याला मी मिठाचे मोजे घातले होते. माझेच. म्हणून त्याला जळवा लागल्या नाहीत."

मामा मांडीवर थाप मारून हसले. "काका, तुम्ही माणूस सरळ. याच्यासाठी कशाला खोटं बोलताय?"

जन्मात ज्याने निळा रंग खोटं बोलून विकला नाही, त्या माणसावर खोटेपणाचा आळ आला तो माझ्यापायी. मी घरी जाऊन पुरावा म्हणून मोजे काढले, तर ते मऊसूत. बायको म्हणाली, "धुतलेत मी. मीठबीठ काही नव्हतं हो त्यात. वास मात्र सेंटचा होता." सेंट माझाच होता, पहिल्या सकाळचा. पण हे आता कुणाला सांगणार?

लग्न मार्गशीर्षात झालं. मुलगी रोह्यात आमच्या दोन घरं पलीकडे नांदायला आली आणि सुखात आहे. काका आता नाहीत. त्यांच्या बाटल्या तिने नेल्या, मोजे माझ्याकडेच राहिले.

त्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात काका मला कोलाडच्या पुढच्या एका धबधब्यावर घेऊन गेले होते. त्यांनी पिशवीतून नवे मोजे काढले, माझ्यासाठीच खास वाळवलेले. मी म्हटलं, "नको काका, पाया पडतो." अनवाणी चिखलात उतरलो, मुद्दाम पानापाचोळ्यात उभा राहिलो. संध्याकाळी घरी आलो, दारातच पँट गुडघ्याच्या वर केली आणि बायकोला हाक मारली. दोन्ही पोटऱ्यांवर मिळून तेरा खुणा. ताज्या, तीन टोकांच्या, रक्त अजून ओघळत होतं.

तिने हातातला झारा तसाच ठेवून वाकून नीट पाहिलं. आजीचीच नात ती.

"ह्या कोलाडच्या आहेत," ती म्हणाली, आणि आत गेली.